दम आधी, गुडघा नंतर

लग्नात पंगत उठली, बडीशेप फिरली, की मामा गोव्याला निघत. साल १९९२, महिना डिसेंबर, सायकल बीएसए एसएलआर, गिअर शून्य. पुण्याहून कोल्हापूर, पुढे आजरा, आंबोलीचा घाट आणि मग पणजी. साडेचारशे किलोमीटर चार दिवसांत. आंबोली उतरताना ब्रेकची रबरं झिजून संपली आणि मामांनी चपलेने चाक धरलं, हा भाग आला की ऐकणारे हातातली वाटी खाली ठेवत. आमच्या सोसायटीतल्या पोरांना ही गोष्ट इतकी पाठ होती, की मामा आजऱ्यात चहाला थांबले रे थांबले, पोरं पुढचं वाक्य आधीच म्हणत.

१९९२ नंतरचं मामा कधी सांगत नसत, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. हिशेबनिसाची नोकरी लागली, स्कूटर आली, मोटार आली. एसएलआर आधी गॅलरीत गेली, मग गच्चीवरच्या टाकीमागे. मामांनी पंचावन्नी गाठली, काटा चौऱ्याऐंशी किलोवर गेला. डोक्यातला सायकलस्वार मात्र बावीस वर्षांचाच राहिला होता.

एका जूनमध्ये त्यांची भाची आली ती बातमी घेऊनच. हिंजवडीत नोकरी करणारी, शाळा सुटल्यावर सायकलला हातही न लावलेली मुलगी.

“मामा, दिवाळीनंतरच्या दोनशेच्या बीआरएमला मी उतरणार आहे. तू येतोस?”

बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकल-राइड, शर्यत नव्हे, हे इथेच सांगून टाकतो, कारण मामांचा पहिला घोटाळा तिथे झाला. हा प्रकार मूळचा फ्रान्सचा. १९०४ साली स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन त्याचे नियम ठरवतो. आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा गावोगावचे क्लब या राइड भरवतात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशा चढत्या पायऱ्या असतात. अगदी वर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे: १८९१ साली पहिल्यांदा झालेली, आता दर चार वर्षांनी होणारी, १२०० किलोमीटर आणि त्यासाठी जास्तीत जास्त ९० तास. दोनशेला साडेतेरा तास मिळतात. जवळ एक कार्ड असतं, वाटेतल्या कंट्रोलवर त्यावर शिक्का घ्यायचा. दोन कंट्रोलच्या मध्ये बाहेरून कुणाची मदत घ्यायची नाही, पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. पहिला आलेला आणि सव्वातेरा तासांनी आलेला यांच्यात नियम काही फरक करत नाही. उलट फार लवकर पोचाल तर कंट्रोल उघडलेलंच नसतं. ८० किलोमीटरवरचं कंट्रोलचं टेबल सुटल्यापासून सुमारे दोन तास एकवीस मिनिटांनी उघडतं आणि पाच तास वीस मिनिटांनी बंद होतं.

मामांच्या पिढीने पाहिलेली सायकल म्हणजे मुंबई-पुणे शर्यत. बोरघाट सर्वांत आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. खंडाळ्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून मामांनी असे राजे पाहिले होते. घाटात सायकलवरून उतरणं म्हणजे हरणं, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं होतं.

“तेरा तास? अगं, मी आठात परत येईन,” मामा म्हणाले.

मामी कांदा चिरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अहो, गोव्याला गेलात तेव्हा गुडघाही बाविसाचाच होता.”

एसएलआर खाली उतरवली. टायरच्या कडांना भेगा, ब्रेकची रबरं कडक, चेन गंजून एक झालेली. सायकलवाल्याने सगळं बघून हिशेब सांगितला: टायर, ट्यूब, केबल, ब्रेक, चेन, पेडल हे बदललं की जुनी राहील ती फक्त फ्रेम. मामांनी मग गिअरची नवीनच घेतली. दुकानातल्या पोऱ्याने सीटवर बसवून विचारलं, “काका, पाय टेकतात का?” दोन्ही तळपाय फरशीवर टेकेपर्यंत सीट खाली घेतली गेली. मामा खूश, पोऱ्या खूश. पुढच्या दुखण्याची सुरुवात त्या दुकानात झाली, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात येणार?

पहिल्या रविवारी खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाताना मामांना तीनदा थांबावं लागलं. हे त्यांनी घरी सांगितलं नाही. पण महिनाभरात चित्र पालटलं. धाप कमी झाली, झोप चांगली लागू लागली, पट्ट्याचं एक भोक मागे सरकलं. सहाव्या आठवड्यात तर मामा धरणाच्या भिंतीवर उभे राहून गाणं म्हणत होते. “अंगात आहे ते कुठे जातं?” असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

भाचीचं वेगळंच चाललं होतं. तिच्याकडे आठवण नव्हती, त्यामुळे तिने वही केली होती. आठवड्यात तीन दिवस चाळीस मिनिटं, रविवारी एक लांब फेरी, ती आधीच्या आठवड्यापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी मोठी. दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. चढ आला की ती हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवायची. मामांना ते बघवत नसे. “हे काय शिवणयंत्र चालवल्यासारखं! जड गिअर टाक, मांडीत ताकद येईल.”

“तू टाक,” ती म्हणायची. आणि मामा टाकायचे.

सातव्या आठवड्यात मामांनी उडी घेतली. रविवारी लोणावळा आणि परत, मंगळवारी बोपदेव घाट, तोही जड गिअरवर, सीटवर बसून. वर देवळापाशी पोचले तेव्हा उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी आतून बोट दाबून धरल्यासारखं वाटत होतं. गुरुवारी जिना उतरताना ते दोन्ही हातांनी कठडा धरून उतरले. चढताना दुखत नव्हतं, उतरताना दुखत होतं, म्हणून त्यांनी दोन दिवस लिफ्टने खाली आणि जिन्याने वर असा तोडगा काढला. मामींनी तो पाहिला आणि फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली.

त्या बाईंनी मामांना जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. खूप वर्षांनी व्यायाम सुरू केला की शरीर एकाच चालीने सुधारत नाही. पहिल्या एकदोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. म्हणून दम लवकर परत येतो. स्नायूही फार मागे राहत नाहीत, आणि पूर्वी कसलेले स्नायू तर नवख्यापेक्षा लवकर जागे होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारा जो कंडरा असतो, त्याला रक्तपुरवठा कमी. त्याला महिने लागतात. त्यामुळे सहासात आठवड्यांनी एक फसवी वेळ येते. फुप्फुस म्हणतं चला, मांडी म्हणते चला, आणि गुडघा अजून जूनमध्येच असतो. ज्याने पूर्वी खूप चालवली आहे, तो या वेळेला नवख्यापेक्षा जास्त सापडतो, कारण त्याचा उत्साह लवकर परततो.

“आणि काका, सीट किती खाली आहे तुमची!” त्यांनी सायकलच आणायला लावली होती. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जरासाच वाकलेला हवा. मामांचा तिथेही खुर्चीत बसल्यासारखा वाकत होता. शिवाय जड गिअर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला वाटीवर दाब.

विश्रांती, मांडीचे आणि नितंबांचे व्यायाम आणि मग हलकी सुरुवात, असं ठरलं. हे करता करता दिवाळी तोंडावर आली. मामा म्हणाले, नी-कॅप लावतो, सकाळी एक गोळी घेतो, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी भाचीने फोन केला.

“मामा, तू ये. पण टेबलावर. त्यांना कंट्रोलला माणसं हवी आहेत.”

शिक्के मारायला जायचं! पुणे-गोवा केलेल्या माणसाने! मामा गेले, पण तोंड पाडून.

टेबल खंबाटकीच्या पलीकडे, सुरूरच्या जवळ एका हॉटेलाच्या आवारात होतं. सकाळी सहाला स्वारगेटहून सुटलेली मंडळी जुन्या कात्रज घाटातून, शिरवळवरून, खंबाटकी चढून-उतरून इथे येणार, शिक्का घेऊन साताऱ्याकडे जाणार. मामांसमोर शिक्का, पॅड आणि एक तक्ता ठेवला: नंबर आणि आल्याची वेळ. हिशेबनीस माणूस. त्यांनी स्वतःहून तिसरा रकाना आखला: निघाल्याची वेळ.

तो तिसरा रकाना भरत गेला तसे मामा खुर्चीत पुढे सरकत गेले. साडेनऊच्या आत पोचलेली घोडदौड करणारी पोरं घामाने निथळत आली, कार्डं टाकली आणि मिसळ सांगून बसली. मिसळीला वेळ, मग चहा, मग फोटो, मग कुणाचा तरी मित्र मागून यायचा म्हणून थांबणं. तक्त्यात पन्नास मिनिटं, पंचावन्न मिनिटं असे आकडे पडू लागले. मामांनी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. ताशी २२ ने दोनशे किलोमीटरला नऊ तास पाच मिनिटं. ताशी १८ ने अकरा तास सहा मिनिटं. म्हणजे सावकाश चालवणाऱ्यालाही थांबायला जवळजवळ अडीच तास उरतात. प्रश्न फक्त ते कुठे उडवायचे हा. मामांच्या डोक्यात तोवर वेग हा एकच आकडा होता.

साधारण पावणेअकराला एक गृहस्थ आले. पासष्टीचे असावेत. लोखंडी फ्रेमची जुनाट सायकल, हँडलला कापडी पिशवी, हेल्मेटखाली रुमाल. शिक्का घेतला, दोन्ही बाटल्या भरल्या, एकीत मीठ-साखर घातली, पिशवीतून पोळीची गुंडाळी काढून उभ्याउभ्या खाल्ली, केळं खिशात टाकलं. सात मिनिटं. मामांना राहवलं नाही.

“किती वर्षं चालवताय?”

“यंदा नोव्हेंबरपासून,” असं म्हणून ते निघालेही.

मामांना वाटलं, नवखा दिसतोय. शेजारच्या आयोजक मुलाला हसू आवरेना. हे गृहस्थ कित्येक वर्षं सुपर रँडोनर होते. म्हणजे एकाच मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० असे चारही पूर्ण केलेले. पण हा मोसम १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३१ ऑक्टोबरला संपतो. किताब हवा तर चारही अंतरं त्याच बारा महिन्यांत करायची. गेल्या वर्षीचे सहाशे या वर्षीच्या कार्डावर चढत नाहीत.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्याने नियम म्हणून ऐकून सोडून दिलं असतं. मामांनी आयुष्यभर एक एप्रिलला नवी खातेवही उघडली होती. तिथे निदान मागची शिल्लक पुढे ओढता येते. इथे तीही नाही. ते बराच वेळ त्या शिक्क्याकडे बघत बसले, इतका की पुढच्या दोघांच्या कार्डांवर शिक्का उलटा उमटला.

भाची त्याआधीच येऊन गेली होती. तिच्या नावापुढे नऊ मिनिटं होती. जाता जाता ती म्हणाली होती, “खंबाटकीत पंधरा मिनिटं चालले.”

“चाललीस? सायकल ढकलत?”

“हो. चालायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

मामांनी नंतर नियमांचं पत्रक खालवर वाचलं. हेल्मेट लिहिलं होतं, पुढचा-मागचा दिवा लिहिला होता, अंधारात चमकणारं जॅकेट लिहिलं होतं. घाटात सायकलवरून उतरू नये असं कुठेच नव्हतं. संध्याकाळी पुण्यात ती बारा तास चाळीस मिनिटांत पोचली. सकाळच्या घोडदौडीतल्यांपैकी दोघे परतीच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी भाचीकडे वही मागितली. तिची नव्हे, कोरी.

पहिल्या पानावर त्यांनी वजन लिहिलं, वय लिहिलं, डॉक्टरांनी काढलेल्या ईसीजीची तारीख लिहिली आणि पहिली फेरी लिहिली: २० मिनिटं, सपाट, हलका गिअर. गोव्याची नोंद कुठेही केली नाही. पुढचे तीन महिने सांगण्यात मजा नाही, कारण त्यात काही घडलंच नाही, आणि तेच तर हवं होतं. सीट वर गेली. थांबताना आता एकाच पायाचं बोट टेकायचं, त्याची सवय व्हायला वेळ लागला. एकदा ते सिग्नलला भाजीच्या गाडीवर कलंडले. पाय मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरवायचे, मग वेग काहीही असो. बोपदेव हलक्या गिअरवर चढायचा, शेजारून शाळकरी मुलगा पुढे गेला तर जाऊ द्यायचा. यातलं शेवटचं कलम मामांना सर्वांत जड गेलं.

खाण्याचाही धडा गिरवला. मांडीत आणि यकृतात साठवलेली साखर जोरात चालवली तर दोनेक तासांत उतरते. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. म्हणून दर पाऊण तासाला घड्याळ वाजेल तेव्हा खायचं, भूक असो नसो: केळं, खजूर, गूळपोळी. नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्यात मीठ हवं. करंगळ्या बधिर व्हायच्या म्हणून दर दहा मिनिटांनी हाताची पकड बदलायची. सर्वांत लांब फेरी एकशेचाळीसची झाली, दोनशेची नाही. मामा म्हणाले, एकदा पूर्ण करून बघतो म्हणजे खात्री होईल. भाची म्हणाली, “खात्री त्या दिवशी होऊ दे, गुडघा आत्ता नको खर्च करूस.” मामांनी ऐकलं. आठव्या आठवड्यात वाटीखाली पुन्हा किंचित जाणवलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून चार दिवस सायकल बंद ठेवली आणि वहीत तांबड्या शाईने लिहिलं. मामी म्हणतात, लग्नाला तीस वर्षं झाली, हे न सांगता थांबले ते पहिल्यांदाच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मामा सुटले. जुना कात्रज घाट अंधारात, पुढच्याच्या तांबड्या दिव्याकडे बघत चढले. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरले तेव्हा ऊन नुकतं पायावर आलं होतं. तिथल्या खंडाळ्याच्या (बोरघाटातल्या नव्हे) पुढे खंबाटकी सुरू झाला. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, येताना बोगदा असतो. त्यामुळे मालमोटारी शेजारून कण्हत चढत असतात आणि त्यांचा धूर आपल्या नाकात. पहिल्या वळणापर्यंत मामांनी सायकल चालवली. दुसऱ्याच्या आधी गुडघ्यात नव्हे, श्वासात ताण आला. मामा उतरले. खंबाटकीचा उरलेला चढ ते सायकल हातात धरून चढले, आणि चालता चालता एक गूळपोळी खाल्ली. दोन पोरं ओरडत गेली, “काका, चला, थोडंच राहिलंय!” मामांनी हात हलवला आणि चालत राहिले. माथ्यावर पुन्हा बसले. वहीत नंतर लिहिलं: ‘खंबाटकी, १८ मिनिटं पायी. बरं वाटलं.’

सुरूरला आठ मिनिटं. साताऱ्याला शिक्का घेऊन चौदा, कारण तिथे पाय वर करून पडले. परतीला दुपारचा वारा समोरून आला आणि ताशी वेग चौदावर उतरला. इथे जुने मामा जड गिअर टाकून वाऱ्याशी भांडले असते. हे मामा एक गिअर उतरले आणि घड्याळ वाजलं तेव्हा खजूर खाल्ले. बोगद्याआधी दोन्ही दिवे लावले, जॅकेट चढवलं. शिरवळला एक पंक्चर काढलं, बोटं काळी करून. स्वारगेटला पोचले तेव्हा सात वाजून दोन मिनिटं झाली होती. तेरा तास दोन मिनिटं. भाची त्यांच्या आधी तासभर आली होती. तिने कार्ड हातात घेऊन बघितलं आणि फक्त गुडघ्याचं विचारलं. मामा म्हणाले, जिना उतरून दाखवतो.

निकालात नाव आणि वेळ असते, क्रमांक नसतो. मामांनी तीनशेला अजून नाव दिलेलं नाही. त्याची मुदत वीस तास, म्हणजे बराचसा प्रवास अंधारातला. गुडघा अजून महिना-दोन महिने मागतो, असं वहीच सांगते. सोसायटीतल्या कुणी विचारलं की किती वर्षं चालवता, तर ते नोव्हेंबरपासून असं सांगतात. माझं मत विचाराल तर पुणे-गोव्यापेक्षा खंबाटकीतली ती अठरा मिनिटं मोठी.

तुमचीही एखादी सायकल गच्चीवर, माळ्यावर पडली असेल आणि उतरवायचं मनात असेल, तर पन्नाशीपुढच्यांनी आधी डॉक्टरांकडे जाऊन यावं. दुकानात सीटवर बसवून पोऱ्या विचारेल, काका, पाय टेकतात का? त्याला सांगा, नाही टेकले तरी चालतील, सीट वर घे.